मैत्रीची मोजदाद

फेसबुकावर एका व्यक्तीस ५,००० मित्र जोडता येतात. २००९ साली तेथे ‘लाइक’ची सोय झाली आणि स्नेहालाही आकडा लाभला. छायाचित्र टाकावे आणि अंगठे मोजीत बसावे, असा आपला दिनक्रम झाला. त्यात दुसऱ्याची विचारपूस कमी, स्वतःचे प्रतिबिंब न्याहाळणेच अधिक. इंदूरच्या माझ्या एका मैत्रिणीचे यजमान गेले, तेव्हा तिच्या पानावर शेकडो हात जोडले गेले. पिठले-भाताचा डबा घेऊन मात्र शेजारच्या दोघीच आल्या. दूरच्या आप्तांची खुशाली कळते, हा या माध्यमाचा उपकार खरा; परंतु कोणाच्या दारी केव्हा जावे, हे ते सांगत नाही. ते आपले आपणच ओळखावे लागते.