दखल आणि रुकावट

मराठीत ‘अडथळा’ हा एकच शब्द आहे आणि सॉफ्टबॉलच्या मैदानावर तो पुरत नाही. तिथे अडथळे दोन जातींचे असतात. बॅटिंग करणाऱ्या संघाने फिल्डिंग करणाऱ्याच्या कामात केला तो ‘इंटरफिअरन्स’. फिल्डिंगवाल्याने, हाती चेंडू नसताना आणि चेंडू अडवतही नसताना, पळणाऱ्याची वाट रोखली तर ते ‘ऑब्स्ट्रक्शन’. आमच्या घरच्या बोलीत मात्र यांना दोन शब्द तयारच आहेत. पहिली दखल, दुसरी रुकावट. आम्ही आमच्या आपाला हा खेळ याच दोन शब्दांत समजावला आणि तिला तो लगेच कळला.

रुकावट झाली की पंच डावा हात आडवा धरतो, खेळ चालू राहतो, आणि रुकावट नसती तर पळणारी ज्या बेसपर्यंत पोहोचली असती असे पंचाला वाटते तो बेस तिला मिळतो. दखलीचे तसे नाही. दखल झाली की चेंडू तिथेच मेला. दखल देणारी आऊट, बाकीच्या आपापल्या आधीच्या बेसवर परत. त्या दरम्यान कुणी धाव काढली असेल तर तीही गेली.

आमच्या भाचीच्या बाबतीत नेमके हेच झाले. जिल्ह्याच्या शालेय सामन्याचा शेवटचा डाव. ती दुसऱ्या बेसवर, तिची मैत्रीण तिसऱ्यावर. बॅटवरून चेंडू जमिनीलगत शॉर्टस्टॉपकडे गेला. ती मुलगी वाकली आणि आमची भाची तिसऱ्या बेसकडे सुसाट जाताना तिच्या खांद्याला धडकली. तोवर मैत्रीण घरी पोहोचून नाचत होती. पंचाने हात वर करून खेळ थांबवला, भाचीला आऊट दिले, मैत्रिणीला तिसऱ्या बेसवर परत पाठवले आणि बॅटरला पहिला बेस दिला. बरोबरी करणारी धाव पुसली गेली. एका धावेने हरलो.

मोहल्ल्यात संध्याकाळपर्यंत निकाल लागला होता: “नाम देखके दिया आउट, और क्या!”

वाचकहो, हे बोलणाऱ्यांना आम्ही हसलो नाही. शहरात भाड्याचे घर शोधताना आमचे नाव ऐकल्यावर ‘कालच दिलं हो’ असे सांगणारे मालक आम्हाला भेटले आहेत, आणि महिनाभराने त्याच दारावर ‘भाड्याने देणे आहे’ची पाटी आम्ही पाहिली आहे. संशय हवेतून येत नाही. पण चौदा वर्षांच्या पोरीला काय सांगायचे? प्रत्येक आऊट तुझ्या नावावर आहे असे सांगितले, तर ती उद्या बॅट खाली ठेवील. एकही नाही असे सांगितले, तर ते खोटे होईल. म्हणून आम्ही नियम काढून बसलो.

भाचीचे म्हणणे एकच होते, “मामू, मैं जानबूझके नहीं मारी.” ते खरेच होते. आमच्या घरांत नीयतीला मोठा मान. रोजा धरायचा तर आधी नीयत, नमाजेला उभे राहायचे तर आधी नीयत. क्रिकेटसुद्धा नीयत विचारते. 2006 साली पेशावरच्या एकदिवसीय सामन्यात भारताविरुद्ध इंझमाम-उल-हक याने क्रीझबाहेर असताना फेकीचा चेंडू बॅटने अडवला आणि तो बाद झाला. तिथे नियमाला अडथळा ‘जाणूनबुजून’ लागतो. सॉफ्टबॉलमध्येही फेकलेला चेंडू पळणाऱ्याला नुसता लागला तर आंतरराष्ट्रीय नियमांप्रमाणे खेळ चालू राहतो, मुद्दाम अडवला तरच आऊट. पण बॅटवरून आलेला चेंडू कुणी टिपत असेल, तर पळणारीनेच वाट सोडायची. इथे नीयत कुणी विचारत नाही. धडक झाली की झाली. पंचाने तरी पोरीच्या काळजात काय आहे हे कुठून पाहायचे? ते पाहणारा वेगळा.

तरीही पंचाकडे बरेच उरते. शॉर्टस्टॉप खरोखर चेंडू टिपत होती का, की चेंडू निसटल्यावर नुसती वाटेत उभी होती? पहिले असेल तर दखल, दुसरे असेल तर रुकावट, म्हणजे निकाल थेट उलटा! दोन बेसमधले अंतर 60 फूट, क्रिकेटच्या दोन यष्ट्यांमधल्या अंतरापेक्षाही कमी. एवढ्यात सगळे घडून संपते. आणि या नजरेच्या निर्णयावर दाद नाही. पंचाने नियमच चुकीचा लावला तर हरकत घेता येते. त्याने काय पाहिले, यावर नाही.

हे सगळीकडेच कडू जाते. बेसबॉल हा सॉफ्टबॉलचा थोरला भाऊ. तिथे 1975च्या वर्ल्ड सिरीजमध्ये सिनसिनाटीचा बॅटर एड आर्मब्रिस्टर आणि बोस्टनचा कॅचर कार्लटन फिस्क एकमेकांत अडकले. लॅरी बार्नेट या पंचाने दखल मानली नाही, बोस्टन दहाव्या डावात हरले, आणि पुढे बार्नेटला जिवे मारण्याच्या धमक्या आल्या. तिथे तर कुणाच्या नावाचा प्रश्नही नव्हता.

आम्ही भाचीला विचारले, “चेंडू तिच्या हातात येणार होता का?”

ती बराच वेळ गप्प राहिली. मग म्हणाली, “ती वाकली होती मामू. ग्लोव्ह खाली होता.”

आपाला हे पटले नाही. ती अजूनही त्या पंचाचे नाव काढले की भांडी जरा जोरात ठेवते, आणि आम्ही तिची समजूत काढायला जात नाही.

आता शाळेच्या मैदानावर त्यांच्या सरांनी शॉर्टस्टॉपच्या जागी दोन विटा उभ्या केल्या आहेत. वाटेत कुणी चेंडू टिपत असेल तर तिला वळसा घालून मागून जावे, तेवढ्यासाठी वाट सोडली म्हणून कुणी आऊट देत नाही, हे त्यांनी मुलींना बजावले आहे. भाची स्कार्फ घट्ट बांधून दुसऱ्या बेसवरून निघते, विटांच्या मागून वळते आणि तिसऱ्यावर धुरळा उडवते. परवा वीट एकदाच पडली.