तक्रार ऐकणाऱ्याची पत

मराठीत 'पत' असा एक छोटासा शब्द आहे. पत म्हणजे लोकांचा आपल्यावर असलेला विश्वास. दुकानदार उधार देतो, तो समोरच्याची पत बघून. कंपन्यांनाही पत असते. हल्ली तिला 'ब्रँडचं नाव' म्हणतात. ते नाव सांभाळायला मोठ्या कंपन्या जनसंपर्क विभाग ठेवतात.

माझं बालपण कऱ्हाडला गेलं. आमच्या आळीत एखाद्या गिरणीवाल्याने पीठ कमी दिलं, तर संध्याकाळपर्यंत ते घरोघरी कळायचं. आपल्याबद्दल काय बोललं जातंय, हे गिरणीवाल्यालाही कळायचं! मोठ्या कंपनीचं तसं नव्हतं. ती टीव्हीवर जाहिरात करायची आणि आपण ऐकायचं. आपली तक्रार शेजारच्या घरापलीकडे फारशी जायची नाही. ब्लॉग आले आणि हे बदललं.

एक खरी गोष्ट सांगतो. मी टेक्सासमध्ये ऑस्टिनला राहतो. इथून जवळच राउंड रॉक नावाच्या गावात डेल या संगणक कंपनीचं मुख्यालय आहे. मायकेल डेल यांनी १९८४ साली कॉलेजच्या खोलीत ही कंपनी सुरू केली आणि ती जगभर पोहोचली.

२००५ साली जेफ जार्व्हिस या अमेरिकन पत्रकाराने डेलचा लॅपटॉप घेतला. दुरुस्तीसाठी माणूस घरी यावा म्हणून त्यांनी जास्तीचे पैसेही भरले. लॅपटॉप बिघडला. तेव्हा त्यांना सांगितलं गेलं, की माणूस घरी आला तरी त्याच्याकडे सुटे भाग नसतील, लॅपटॉपच पाठवून द्या. जार्व्हिस वैतागले. त्यांनी सगळा अनुभव आपल्या ब्लॉगवर लिहिला. बघता बघता इतर ग्राहकही 'आमचंही असंच झालं' म्हणून लिहू लागले. या प्रकाराला 'डेल हेल', म्हणजे 'डेलचा नरक', असं नावच पडलं. वर्तमानपत्रांनीही दखल घेतली. शितावरून भाताची परीक्षा म्हणतात ना, तसंच झालं.

कंपनीने आधी तिकडे काणाडोळा केला. पण २००६ मध्ये तिने धोरण बदललं. ब्लॉगवर तक्रार करणाऱ्यांना शोधून डेलची माणसं त्यांच्याशी बोलू लागली. जुलैमध्ये कंपनीने स्वतःचा ब्लॉग काढला. त्याच सुमारास जपानमध्ये पेटलेल्या एका डेल लॅपटॉपचे फोटो इंटरनेटवर फिरत होते. कंपनीने त्या विषयावरही आपल्या ब्लॉगवर लिहिलं. ऑगस्टमध्ये तर सुमारे ४१ लाख बॅटऱ्या परत मागवल्या. २००७ मध्ये डेलने ग्राहकांकडून सूचना मागवायला सुरुवात केली. बऱ्याच जणांनी लिनक्सवर चालणारे संगणक मागितले. काही महिन्यांतच ते विकायलाही आले. त्या वर्षी ऑक्टोबरमध्ये जार्व्हिस यांनीच एका मोठ्या साप्ताहिकात लिहिलं, की डेल आता ऐकायला शिकली आहे.

आता माझ्या कामाबद्दल सांगतो. मी पूर्वी एका छोट्या कंपनीत होतो. गोळ्या घ्यायची आठवण करून देणारं ॲप आम्ही चालवायचो. मार्चमध्ये अमेरिकेतली घड्याळं एक तास पुढे जातात, हे तुम्हाला माहीत असेल. त्या वर्षी आमचं ॲप हा बदल चुकलं आणि आठवणी तासभर उशिरा वाजल्या. एका बाईंनी रिव्ह्यू लिहिला, 'माझ्या वडिलांची गोळी उशिरा गेली.' एकच तारा दिला होता.

मीटिंगमध्ये कुणीतरी म्हणालं, "आपण सगळे पाच-पाच तारे देऊ या, हा रिव्ह्यू खाली जाईल." मी म्हटलं, "रिव्ह्यू खाली जाईल, पण गोळी वेळेवर जाईल का? आधी त्यांना उत्तर देऊ." थोडा वाद झाला. शेवटी आम्ही सगळ्यांना दिसेल असं लिहिलं : चूक आमची आहे, ती अशी झाली, आज रात्री दुरुस्त होईल. त्या बाईंनी नंतर एकाचे तीन तारे केले. पाच नाही केले. आणि मला ते बरोबरच वाटलं. गेलेली पत एका उत्तराने पूर्ण परत येत नाही.

२०२४ च्या ऑक्टोबरपासून अमेरिकेत खोट्या रिव्ह्यूंवर बंदी घालणारा नियम लागू झाला आहे. पण नियम कंपनीला खोटं बोलण्यापासून अडवेल, ऐकायला शिकवणार नाही.

तुमच्या हातातही आता फोन आहे, म्हणजे कुणाची तरी पत आहे. कधी तक्रार लिहावी लागली तर काय घेतलं, काय झालं आणि तुम्हाला काय हवंय, एवढं नीट लिहा. रागाच्या भरात वाढवून सांगू नका. आणि समोरच्याने चूक सुधारली, तर पुन्हा जाऊन तेही लिहा. जार्व्हिस यांनी लिहिलं, तसं.