‘पास’च्या पुढची तपासणी

बाळाला ऐकू येतं का, याची पहिली परीक्षा बीड जिल्ह्यातल्या लिंबागणेशसारख्या गावात आजीच घेते. पाठीमागून ताट वाजवायचं. बाळ दचकलं की घर निश्चिंत. श्रवणतज्ज्ञाचं मात्र तेवढ्यानं समाधान होत नाही. विशेषतः, जन्मानंतर कावीळ वाढून बाळाला पेटीत ठेवावं लागलं असेल तर.

कावीळ हाताबाहेर गेली की रक्तातलं बिलिरुबिन मेंदूत उतरतं आणि श्रवणाच्या नसेला इजा करतं. अपुऱ्या दिवसांचा जन्म किंवा जन्मताना प्राणवायू कमी पडणं, ही अशा इजेची आणखी कारणं. अशा बाळाच्या कॉक्लियातल्या, म्हणजे आतल्या कानाच्या शंखातल्या, बाहेरच्या केसपेशी मात्र शाबूत असू शकतात. डेव्हिड केम्प यांनी 1978 मध्ये याच पेशींमुळे कानातून परत येणारा क्षीण ध्वनी नोंदवला. ओएई चाचणी तोच टिपते. तो मिळाला की यंत्र ‘पास’ दाखवतं. नसेविषयी त्याला काहीच कळत नाही.

ते कळतं बेरा चाचणीत. बाळ गाढ झोपलं की डोक्याला इलेक्ट्रोड लावून कानात टकटक आवाज सोडतात आणि नसेच्या उत्तराचा आलेख घेतात. खरं कसब पुढे आहे. पडद्याला आत ढकलणारा आणि बाहेर ओढणारा, असे दोन्ही आवाज देऊन पाहायचे. आवाजाबरोबर आलेखही उलटा झाला, तर ती लहर कॉक्लियाची. नसेकडून उत्तर आलेलंच नाही.

अर्नॉल्ड स्टार आणि सहकाऱ्यांनी 1996 मध्ये केसपेशी शाबूत पण नस गप्प, अशा या विकाराला ‘ऑडिटरी न्यूरोपथी’ हे नाव दिलं. नसेतले संदेश एका वेळी, एका लयीत पोचत नाहीत. आवाज येतो, शब्द लागत नाही; गलक्यात तर मुळीच नाही. श्रवणयंत्र आवाज वाढवतं, स्पष्टता देईलच असं नाही. अनेक मुलांना कॉक्लिअर इम्प्लांटचा फायदा होतो, पण त्याआधी एमआरआयमध्ये नस नीट दिसायला हवी. काही तान्ह्यांची बेरा काही महिन्यांत आपोआप सुधारते. म्हणून ती पुन्हा करावीच लागते.

बीड जिल्ह्यात गाडी अडते ती याच ‘पुन्हा’पाशी. दिवाळीच्या सुमारास ऊसतोड टोळ्या कारखान्यांकडे निघतात, बाळ कोपीवर, म्हणजे टोळीच्या झोपडीवर, जातं आणि तपासणीची तारीख मागे राहते. म्हणून जाणता श्रवणतज्ज्ञ पुढची तारीख देण्याआधी ‘तोडीला कधी जाणार?’ हे विचारून घेतो.

राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमात 2013 पासून जन्मजात बहिरेपणाची तपासणी आहे. बाळ पेटीत राहिलं असेल, तर आशाताईंना तसं सांगा, दवाखान्याचा कागद जपा आणि टोळी निघण्याआधी बेरा करून घ्या.