पाचवी

चौघी खात असतात तेव्हा पाचवी भिंतीकडे तोंड करून उभी राहते. त्यांचं आटपेपर्यंत. भिंतीवर बघण्यासारखं काही नाही. गेल्या पावसाळ्यातल्या ओलीचा एक नकाशा आणि कपड्यांच्या दोरीचा खिळा. ती तो खिळा मन लावून बघते. पहिले दोन दिवस मला वाटलं, आजारी आहे. तिसऱ्या दिवशी वाटलं, मानी आहे. चौथ्या दिवशी शेपटीच्या बुडाशी रुपयाएवढी उघडी कातडी दिसली, आणि तिच्या मधोमध डाळिंबाच्या दाण्यासारखा रक्ताचा थेंब.

चौघी खडकीच्याच. इथल्या सरकारी मध्यवर्ती अंडी उबवणी केंद्रातून भोकं पाडलेल्या पुठ्ठ्याच्या खोक्यात बसून आलेल्या, एक दिवसाच्या. सातव्या दिवशी लासोटाची लस, रात्री बल्बची ऊब, दोनेक महिन्यांच्या झाल्यावर आपसांत काय ती टोचाटोची, आणि मग कोण कुणाच्या आधी खाणार हे एकदाचं ठरलं. जात आरआयआर, अंगाने भरलेल्या, तांबड्या, चालीत पोस्टमास्तरांचा रुबाब. पाचवी मागाहून आली. पौडकडच्या एका नातेवाइकांनी पिशवीत घालून, स्कूटरवर पायाशी ठेवून आणलेली काळी गावरान तलंग. कोंबड्यांना नावं ठेवायची नाहीत असं आमच्या घरात ठरलं होतं, जीव लागतो म्हणून. म्हणून नुसते आकडे. आकड्यांनाही जीव लागतो, हे नंतर कळलं.

कुणीही करेल तेच मी केलं. पाचवीला उचललं, जखमेवर कडुनिंबाचं तेल आणि हळद लावली, मागच्या खोलीत डालग्याखाली ठेवली. वेगळं पाणी, वेगळं खाणं, दुपारी मूठभर सुकट. पिसं भरून यायला प्रथिनं लागतात, आणि सुकटीत ती भरपूर असतात. आठ दिवसांत कातडी धरली, काळी खुंटं फुटली. नवव्या दिवशी सकाळी तिला अंगणात सोडली. चहा गाळून बाहेर येते तर दुसरी तिच्या पाठीवर उभी. पहिली नाही, दुसरी.

शेजारचे अण्णा कुंपणावरून बघत होते. खडकीतली अ‍ॅम्युनिशन फॅक्टरी १८६९ ची, आणि अण्णांच्या घरातल्या तीन पिढ्या तिथल्या. घरात तमिळ, कुंपणावर मराठी. ते म्हणाले, "ताई, मार खाते तिला जेलात का टाकता? मारते तिला टाका ना."

इतकी साधी गोष्ट मला साठीच्या उंबऱ्यावर कुंपणापलीकडून ऐकावी लागली. कळपातून आठ दिवस नाहीशी झालेली कोंबडी परत येते ती पाहुणी म्हणून. तिची जागा, होती तेवढीसुद्धा, बुजून गेलेली असते. मारणारीला उचललं तर हेच तिच्या बाबतीत होतं. चार-पाच दिवसांनी ती परत येते तेव्हा तिचा रुबाब बाहेरच राहतो.

मग मी दुसरीला डालग्यात घातलं. तिने दोन दिवस शिव्या दिल्या. तोवर अंगणाची थोडी डागडुजी केली. खाण्याचं एक भांडं होतं त्याची दोन केली, एकावरून दुसरं दिसणार नाही अशी. भिंतीला एक फळी तिरकी टेकवली, म्हणजे जिला पळायचंय तिला आडोसा. कोपऱ्यात खड्डा करून त्यात बंबाची राख आणि कोरडी माती टाकली; कोंबड्या धुळीत लोळून आंघोळ करतात आणि लोळणाऱ्या कोंबडीला भांडणाची शुद्ध नसते. कोबीचा एक गड्डा दोरीने टांगला, चोचीला उद्योग म्हणून. खुराड्यात कोंबडीमागे दोन-तीन चौरस फूट तरी जागा हवी म्हणतात, ती मोजली. चौथ्या रात्री, अंधार पडल्यावर, दुसरीला हळूच इतरांच्या शेजारी दांडीवर बसवली. अंधारात कोंबडीला फारसं दिसत नाही. सकाळी उठून बघतात तर आपण सगळ्या एकत्रच. सकाळी दुसरी खाली उतरली ती जरा विचारात. पहिलीने तिला एक टोचा दिला. दुसरी बाजूला झाली. पाचवी फळीमागच्या भांड्यापाशी होती. मधून मधून मात्र दाणे टाकून भिंतीकडे वळायची. शेवटी मी तो खिळा काढला. आता ती भोक बघते.

कोण कुणाला टोचणार या उतरंडीचा शोध एका मुलाने लावला. नॉर्वेचा थोर्लाइफ श्येल्डेरुप-एब्बे, जन्म १८९४. लहानपणापासून कोंबड्या बघत बसायचा आणि कोण कुणाला टोचते ते वहीत लिहायचा. मोठेपणी, १९२१ मध्ये, त्याने त्यावर जर्मनमध्ये प्रबंध लिहिला आणि 'टोचण्याचा क्रम' हा शब्द जगाला मिळाला. क्रम हा शब्द मला कोरडा वाटतो. उतरंड बरी. त्यात मडकी दिसतात, आणि सगळ्यात खालचं कुणाचं ओझं वाहतंय तेही दिसतं. पुढे या माणसाचं नॉर्वेतल्या पहिल्या स्त्री प्राध्यापक क्रिस्टीन बोनेव्ही यांच्याशी बिनसलं, आणि मायदेशातल्या विद्यापीठात त्याला म्हणावी तशी जागा मिळाली नाही. तो कविताही लिहायचा. भिंतीकडे तोंड करून लिहीत असेल का?

अमेरिकेतल्या टेनेसीत एकाने १९०३ मध्ये कोंबड्यांच्या चष्म्याचं पेटंट घेतलं, दुसरीची चोच डोळ्यात जाऊ नये म्हणून. पुढे तांबड्या काचांचे चष्मेही निघाले. सगळंच तांबडं दिसलं की रक्त उठून दिसत नाही, आणि रक्त दिसलं नाही की चोच तिकडे जात नाही. जखमेवर जांभळं औषध लावतात त्याचाही एक उपयोग हाच. मोठ्या पोल्ट्रीत एवढी उस्तवार परवडत नाही. तिथे पिल्लू आठ-दहा दिवसांचं असताना तापल्या पात्याने चोचीचं टोकच उडवतात. मला चष्मा आवडतो. चष्मा लावलेल्या चौघी अंगणात फिरताहेत, आणि पाचवी आपली बिनचष्म्याची.

मी पाचवीत होते तेव्हा वडिलांची भंडाऱ्याच्या ऑर्डनन्स फॅक्टरीतून खडकीच्या हाय एक्स्प्लोझिव्ह्ज फॅक्टरीत बदली झाली. दिवाळीनंतर, म्हणजे बाकं वाटून आणि मैत्रिणी ठरून झाल्यावर. रेंजहिल्सला क्वार्टर मिळालं, टाइप टू. तिथे मुलं नाव विचारायच्या आधी टाइप विचारायची. शाळेत मला पाचवी ब दिली. पहिल्याच दिवशी बाईंनी मला पुढे बोलावलं आणि मी म्हटलं, "काहून बाई?" वर्ग हसला तो जानेवारीपर्यंत हसत होता. माझं नाव काहून पडलं. डब्यात आई वडाभात द्यायची. भातात वडे कालवतात हे पुण्याच्या मुलींना इतकं अद्भुत वाटलं की माझा डबा बाकाबाकांवरून फिरून यायचा, आणि परत यायचा तेव्हा त्यात नुसता भात असायचा.

पण खरी गोष्ट नळांची. पाण्याच्या टाकीला तीन नळ होते. एक बंद, एक गळका, एक चालू. मधल्या सुट्टीत चालू नळावर आधी मॉनिटर आणि तिच्या दोघी, मग पहिलं बाक, मग दुसरं. मी पेला घेऊन उभी राहायची. माझी पाळी आली की कुणीतरी मधे शिरायचं, आणि मग घंटा. तक्रार कुणाची करायची? मॉनिटरने मला कधी बोट लावलं नाही. तिला गरजच नव्हती. मधे शिरायच्या त्या तिसऱ्या बाकावरच्या, ज्यांना स्वतःला चालू नळ आठवड्यातून दोनदा मिळायचा. डिसेंबरात मी गळक्या नळाकडे वळले. त्याच्या तोटीला आतून सुतळी गुंडाळलेली होती. सुतळी एका बाजूला सरकवून अंगठ्याने दाबून धरली की थेंबांची बारीक धार व्हायची. त्या धारेने ओंजळ भरायला एकोणतीसचा पाढा दोनदा म्हणावा लागतो. त्या वर्षी माझा एकोणतीसचा पाढा वर्गात सगळ्यांत पक्का होता.

जानेवारीत आईने शाळेत चिठ्ठी दिली. आमच्या बाई भल्या होत्या. त्यांनी मला जवळ घेतलं आणि पाचवी कमध्ये पाठवलं. "तिथे तुला बरं वाटेल हं." दप्तर छातीशी धरून व्हरांड्यातून मी चालत गेले, तीस-पस्तीस पावलांचं अंतर. माझ्याआधी बातमी पोचली होती. कमध्ये मी 'बमधून काढलेली' होते. ब ची मॉनिटर ब ची मॉनिटरच राहिली, पुढे दहावीपर्यंत. घरी आजी म्हणाली, असतं एकेकाच्या पाचवीला पुजलेलं. पाचव्या रात्री सटवाई कपाळावर काय लिहिते ते मला माहीत नाही. पण तिने तुकडी लिहिली असेल असं वाटत नाही.

सहावीत, जूनच्या दुसऱ्या आठवड्यात, आमच्या वर्गात बेळगावची एक मुलगी आली. वडील लष्करात. बाईंनी काही विचारलं की ती म्हणायची, "होय की." बाई म्हणाल्या, बस. ती म्हणाली, "बसतो की." मागून कुणीतरी तिच्याच हेलात म्हटलं, "बसा की!" आणि वर्ग फुटला. म्हणणारी मी होते. हशा आपल्यामुळे पिकला की कानाच्या पाळ्या गरम होतात, ते सुख मला पहिल्यांदा तेव्हा कळलं. त्या मधल्या सुट्टीत तिसऱ्या बाकावरच्या एकीने मला आपणहून चालू नळावर पुढे घेतलं. पाणी गार होतं. मी दोन पेले प्यायले.

ती मुलगी पेला घेऊन रांगेच्या शेवटी उभी असायची. मग रांगेत उभं राहणं तिने सोडलं. एकदा तिला गळक्या नळाखाली ओंजळ धरलेली पाहिली. थेंब पडत होते, बोटांच्या फटीतून निसटत होते. सुतळी कुठे दाबायची ते मी तिला सांगितलं नाही.