महागडी रॅकेट

"आई, साधी रॅकेट नको. भारीतलीच घे. भारीतलीनंच फटका बसतो!" गेल्या वर्षी माझ्या धाकटीनं हे टुमणं लावलं. ती तेव्हा नववीत. शालेय जिल्हा स्पर्धेसाठी धुळ्याला जायचं होतं आणि बरोबरच्या एका मुलीकडे नवीकोरी महागडी रॅकेट आली होती. मग काय, आमच्या घरात उठता-बसता रॅकेटच!

मी साक्रीत घरीच ब्लाऊज शिवते. भिशीचे सहा हजार नुकतेच हाती आले होते, पिकोच्या मशीनसाठी बाजूला ठेवलेले. सासूबाई म्हणाल्या, "महाग शे म्हनीसन चांगलं शे का?" पण मला माझं शाळेतलं खेळणं आठवलं. लग्न ठरलं आणि ते सुटलं ते सुटलंच. लेकीला काही कमी पडू द्यायचं नाही, असं ठरवलं आणि एस.टी.नं धुळं गाठलं.

दुकानदारानं साडेपाच हजारांची रॅकेट पुढे केली. "डोळे मिटून घ्या, ताई." मी खरंच डोळे मिटले! माठ घेताना दहादा वाजवून पाहणारी मी, इथे नुसत्या किमतीवर भाळले.

महिनाभरानं पाहते तर पोर डाव्या हातानं बादली उचलतेय. खोदून विचारलं तेव्हा रडू फुटलं. उजवं कोपर दुखत होतं. "तू भिशीचे पैसे घातलेस, मग सांगू कशी?"

माझ्या पोटात कालवलं. मी हौसेनं दिलेल्या वस्तूचं पोरीला ओझं झालं होतं.

डॉक्टरांनी विश्रांती सांगितली. मग तिच्या सरांना रॅकेट दाखवली. ते म्हणाले, "हिचा दांडा कडक, वजन डोक्याकडे आणि गट २८ पौंड ताणलेलं. ही तयार मनगटाची रॅकेट आहे. शिकाऊ हातानं फूल मधोमध न लागता कडेला लागलं, की हादरा कोपरापर्यंत जातो." शिकणाऱ्याला दांडा जरा लवचिक हवा, वजन ८० ते ८४ ग्रॅम हवं (रॅकेटवर '४यू' लिहिलेलं असतं) आणि गट २० ते २४ पौंडांचं पुरे. यातलं एक अक्षरही किमतीच्या चिठ्ठीवर नव्हतं!

म्हणून अगदी स्वस्तातली घ्या, असं नाही हं. दोन-तीनशेची लोखंडी रॅकेट जड असते आणि लवकर वाकते. तिथून कार्बनच्या दीड-दोन हजारांच्या रॅकेटवर गेलं, की फरक हाताला लगेच कळतो. त्यापुढे मात्र पैसे वाढतात ते विशिष्ट खेळासाठी; कुणाला जोरकस स्मॅश हवा, कुणाला झटपट हात फिरायला हवा. स्वतःचा खेळ अजून ठरलाच नसेल, तर हे पैसे कशाला? त्यापेक्षा गट वेळेवर बदला, न घसरणारे बूट घ्या.

पुण्या-मुंबईकडे आता पॅडल खेळतात. त्याच्या रॅकेटला ताराच नसतात, नुसती भोकं. तिथेही महागड्या कडक रॅकेटपेक्षा नवख्याला मऊ आणि हलकीच बरी.

आणि आपले सांगलीचे नंदू नाटेकर? १९५६ साली क्वालालंपूरची स्पर्धा जिंकून परदेशात विजेतेपद मिळवणारे ते पहिले भारतीय बॅडमिंटनपटू ठरले. तेव्हा कार्बनच्या रॅकेटी कुठे होत्या!

दुकानदारानं रॅकेट परत घेतली नाही. सरांनी जुनी लवचिक रॅकेट वापरायला दिली. कोपर बरं झाल्यावर पोर तीच घेऊन धुळ्याला गेली आणि दुसऱ्याच फेरीत हरून आली. बस स्टँडवर उतरल्या उतरल्या म्हणाली, "आई, हरले. पण हात नाही दुखला."

महागडी रॅकेट खुंटीला टांगून ठेवली आहे. हात तयार झाला, की काढू. पिकोचं मशीन अजून घ्यायचंच आहे. पण लेक आता दुखलं-खुपलं लपवत नाही. साडेपाच हजारांत तेवढं आलं, असं मी धरून चालते.

तेव्हा मैत्रिणींनो, मुलांना खेळाची वस्तू घेताना आधी त्यांच्या हातात देऊन पाहा. चिठ्ठी मागाहून वाचा.