निवटीची चाल

डोलीच्या जाळ्याचा खोला होडीच्या फळ्यांवर रिता झाला की त्या गलबल्यात प्रत्येक जातीची मासळी आपली कैफियत वेगळ्या रीतीने मांडते, आणि निवडीला बसणाऱ्या अर्नाळकराला ती हात घालण्यापूर्वीच ओळखावी लागते. बोंबलाची हाडे इतकी मऊ आणि देह इतका जलमय की उसळीला लागणारा ताठरपणाच त्याच्या ठायी नसतो. पडेल तेथेच तो पसरतो. शिंगाळा मात्र पाठीचे व छातीचे काटे उभारून सांध्यात घट्ट अडकवतो आणि कुरकुरतो. त्या आवाजाकडे दुर्लक्ष करणाऱ्याचा हात दिवसभर ठणकतो. वाम वळसे घेत एखाद्या फटीकडे सरकते व वाटेत आलेल्या बोटाचा चावा घेते. या सर्वांवर ओढवणारी आपत्ती एकच: पाण्यात सुट्या राहणाऱ्या कल्ल्यांच्या नाजूक पाकळ्या हवेत एकमेकींना चिकटतात, आणि भोवती प्राणवायू विपुल असूनही श्वास कोंडतो.

निवटी मात्र या नियमाबाहेरची. अर्नाळ्याच्या उत्तरेस वैतरणा समुद्राला मिळते. तेथल्या खाडीत ओहोटीने तिवरांखालचा चिखल उघडा पडला, इतर मासळी पाण्यामागोमाग निघून गेली, की हिचा कारभार सुरू होतो. कल्ल्यांच्या कप्प्यात थोडे पाणी राखून, ओल्या त्वचेतून व तोंडाच्या आणि घशाच्या अस्तरातून ती हवेतला प्राणवायू घेते. म्हणून मधूनमधून कुशीवर लोळून अंग भिजवणे हा तिच्या श्वसनाचाच भाग होय. माथ्यावरचे डोळेसुद्धा ती खाचेत ओढून ओलावते. छातीचे दोन्ही पर कुबड्यांप्रमाणे एकदम पुढे टाकून ती देह ओढत नेते, आणि भय वाटताच शेपटी एका बाजूला वळवून अशी झेप घेते की नवख्याला केवळ चिखलाचा शिंतोडा दिसतो.

तिला हाताने धरण्याची सारी विद्या या चालीच्या परिचयावर उभी आहे. आपली सावली पुढे पडू देऊ नये. बिळाला बहुधा एकाहून अधिक तोंडे असल्याने एकावर टाच रोवून दुसऱ्यात कोपरापर्यंत हात घालावा. आणि बुळबुळीत अंग मुठीत आवळण्याऐवजी डोक्यामागे बोटांचे कडे करावे. आमसुलाच्या कालवणात ती उत्तम लागते, हेही येथे नमूद केले पाहिजे.

परंतु विणीच्या दिवसांत पाठीचे पर उभारून उंच उड्या घेणारा नर मला भक्ष्य वाटत नाही. काही जातींतला नर तोंडात हवा भरून ती बिळाच्या तळाशी अंड्यांपाशी नेऊन सोडतो. पाण्याने वेढलेल्या त्या खोलीत पुढच्या पिढीच्या श्वासाची तजवीज एक मासा करतो, हे ज्याला ठाऊक आहे त्याने खाडीकाठच्या या मुलुखाला ओसाड कसे म्हणावे? पण ओसाड समजूनच येथे भराव घातला जातो, आणि त्याची माती पडते ती याच खोल्यांवर. माझ्याबरोबर चिखलात उतरणाऱ्या पोरांना मी प्रथम तो उडणारा नर दाखवतो आणि त्याच्या बिळाला हात लावू देत नाही. निवट्या धरायला शिकवण्याचे काम त्यानंतरचे.