एक घनफूट वजा

प्रत्येक धंद्याची एक खासगी भाषा असते. आमच्या बँकेत ठेव ‘परिपक्व’ होते, खाते ‘गोठते’ आणि चेक ‘वटतो’. ग्राहकाला यातले काही कळले नाही की तो आपोआप नम्र होतो. या भाषेचा मूळ हेतूही तोच असावा. पण बी.कॉम. होऊन वीस वर्षे आकडेमोड केलेल्या माणसालाही नम्र करणारी भाषा मी भवानी पेठेतल्या टिंबर मार्केटात ऐकली.

तिथे इंचाचे आठ भाग पडतात आणि प्रत्येक भागाला ‘सूत’ म्हणतात. सागवान मागितले की विचारतात, “सी.पी. की बर्मा?” सी.पी. म्हणजे मध्य प्रांत. तो १९५० साली कागदोपत्री संपला, वखारीत मात्र अजून नांदतो आहे. बर्माचे १९८९ साली म्यानमार झाले. लाकडाला त्याची खबर नाही. प्लायवूडचे तर विचारूच नका. मरीन प्लाय म्हणे ७२ तास उकळत्या पाण्यात टिकावे लागते. आमच्या घरी चहाखेरीज काही फारसे उकळत नाही, तरी ऐकून धीर येतो. हे प्लाय दाबणारे यंत्र ‘हायड्रॉलिक’. म्हणजे नावात पाणी आणि पोटात तेल! असे दाबयंत्र १७९५ साली पेटंट केले ते मूळच्या सुतारकाम करणाऱ्या जोसेफ ब्रामाने. पुढे त्यानेच बँक ऑफ इंग्लंडच्या नोटांवर क्रमांक छापायचे यंत्रही बनवले. म्हणजे सुतार आणि कॅशिअर तसे भाऊबंदच.

गोल ओंडका मोजायची रीत तर ऐकण्यासारखी आहे. घेराचा चौथा भाग घ्यायचा, त्याचा वर्ग करायचा आणि लांबीने गुणायचे. ४८ इंच घेराचा १० फुटी ओंडका या हिशेबाने १० घनफूट भरतो. शाळेतल्या भूमितीने मोजला तर १२.७ च्या आसपास. एडवर्ड हॉपस नावाच्या इंग्रज मोजणीदाराने १७३६ साली या हिशेबाची कोष्टके छापली. वरचे लाकूड साल, कडा आणि भुसा यांत जाते, असे सगळ्यांनी समजून घ्यायचे. ऑडिटमध्ये मी असे काही समजून घेतले असते, तर माझाच भुसा झाला असता.

आमचा शुक्रवार पेठेतला वाडा पाडायचे ठरेपर्यंत हे सारे मौजेचे होते. तुळया विकायच्या ठरल्या. एक व्यापारी टेप घेऊन आले. माजघरातली तुळई ८ बाय ९ इंच, लांबी १२ फूट. तिन्ही आकडे गुणून १४४ ने भागले की बरोबर ६ घनफूट. मी तोंडी सांगितले, तेव्हा व्यापाऱ्यांनी माझ्याकडे जरा आदराने पाहिले आणि म्हणाले, “पाच धरू, साहेब. मधे लोखंडी कडी आहे. आत खिळे असले तर करवतीचे दात जातात. तेवढे दोन फूट वजा.”

कोपऱ्यात आई भांडी बांधत होती. वाडा जाणार म्हटल्यापासून ती फारसे बोलत नव्हती. ती म्हणाली, “वजा करताय ना? मग तेवढा तुकडा मला कापून द्या.”

“आई, फ्लॅटमध्ये त्याचं काय करणार?”

“ह्यांचा पाळणा या कडीला होता. तुझाही. आणि तुझ्या मुलीचाही.”

व्यापारी गृहस्थ चांगले. त्यांनी टेप गुंडाळली आणि कापायची मजुरी घेतली नाही. पावतीवर लिहिले, ‘६ घनफूट, वजा १.’

आता तो एक घनफूट आमच्या फ्लॅटच्या हॉलमध्ये कडीसकट उभा आहे. येणाऱ्याजाणाऱ्याला ते स्टूल वाटते. पण आई त्यावर कुणाला बसू देत नाही. मला तर नाहीच.

“तुझं वजन वाढलंय,” म्हणते.